आधी मूल, मग माध्यम

शाळेच्या पालकसभेत ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ हे व्याख्यान आता स्नेहसंमेलनाइतकंच ठरलेलं झालं आहे. कधी सायबर शाखेचे अधिकारी येतात, कधी डॉक्टर, कधी एखादे प्रेरणादायी वक्ते. पडद्यावर मेंदूची चित्रं येतात, ‘व्यसन’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, पालक माना डोलावतात. घरी गेल्यावर मूल जेवत नाही म्हणून तोच मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ताटापुढे उभा केला जातो. वक्त्याला सायबर गुन्हे माहीत असतात, कायदा माहीत असतो. पण चार वर्षांचं आणि अकरा वर्षांचं मूल एकच जाहिरात किती वेगळी पाहतं, हे त्या सभेत कुणी सांगत नाही.

हे सांगू शकणारी माणसं शाळांना हवी आहेत, आणि ती पालकांमधून तयार होऊ शकतात. मूल शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा काही काम सुरू करू पाहणारी आई, किंवा दुसऱ्याच क्षेत्रातली नोकरी सोडून मुलांसाठी काही करू पाहणारा बाबा, या दोघांसाठी हा लेख आहे. बालविकास आणि माध्यम साक्षरता यांची सांगड घालून चांगलं, टिकाऊ काम उभं करता येतं. पथ्य एकच: क्रम उलटा करू नका. मूल समजून घेण्याआधी माध्यमांवर बोलायला उभं राहिलं, की त्या पालकसभेतलंच एक व्याख्यान आपणही देऊन येतो.

पालक असल्याचा उपयोग किती?

या वाटेने आलेली माणसं आपल्याकडे नवी नाहीत. गिजुभाई बधेका पेशाने वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते माँटेसरीबाईंच्या पुस्तकांपर्यंत पोचले आणि १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेचं बालमंदिर सुरू झालं. ताराबाई मोडक राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचं प्राचार्यपद सोडून, आपल्या लहान मुलीला घेऊन गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू झालं, तिथे अनुताई वाघ येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते बहरलं. आज गावोगावी रुजलेली अंगणवाडी ही कल्पना या कामातून आली.

गिजुभाई आणि ताराबाई, दोघांनाही दार दाखवलं ते स्वतःच्या मुलाने. आत गेल्यावर मात्र त्यांनी दुसऱ्यांच्या शेकडो मुलांकडे पाहिलं, नोंदी ठेवल्या, प्रयोग फसले तेव्हा बदलले. नव्या पालक-मार्गदर्शकाची गाडी नेमकी इथेच अडते. ‘माझ्या मुलीला मी पाच वर्षं स्क्रीन दाखवलीच नाही’ हे वाक्य घरी अभिमानाचं असेल, पण समोर बसलेल्या बाईला सकाळी सहाला डबे करून आठची लोकल पकडायची असेल, तर तिला त्यातून काहीच मिळत नाही. मिळाला तर अपराधीपणा. आपल्या मुलाचा अनुभव म्हणजे एका मुलाचा अनुभव. तो जमेस धरावा, पण त्यावर सल्ला देऊ नये.

म्हणून पहिला सराव निरीक्षणाचा. सोसायटीच्या बागेत, शेजारच्या बालवाडीत किंवा नातेवाइकांकडे एका मुलाकडे पंधरा मिनिटं पाहा आणि फक्त जे दिसलं ते लिहा. बालवाडीत असाल तर बाईंना विचारून बसा. ‘तो चिडला’ असं लिहू नका. ‘ठोकळा फेकला, आजीकडे पाहिलं, आजी फोनवर होती, दुसरा ठोकळा जास्त जोरात फेकला’ असं लिहा. पहिल्या वाक्यात आपलं मत आहे, दुसऱ्यात ते मूल आहे. शिवाय दुसऱ्या नोंदीत घरातल्या मोठ्यांचा मोबाइलही आपोआप आला. बालविकासाच्या चांगल्या अभ्यासक्रमांत हाच सराव प्रात्यक्षिक म्हणून असतो. तो आधीच सुरू केलात तर पुढे सोपं जातं.

हे दोन विषय वेगळे का काढता येत नाहीत

स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास लहान मुलांना एक मजेदार प्रश्न विचारला होता. टीव्हीवर पॉपकॉर्नने भरलेलं भांडं दिसतंय. टीव्ही उलटा केला तर पॉपकॉर्न बाहेर सांडतील का? तीन वर्षांची बरीच मुलं ‘हो’ म्हणाली. चार वर्षांच्या मुलांना पडद्यातली वस्तू म्हणजे चित्र आहे, हे बऱ्यापैकी उमगलेलं होतं. एका वर्षात एवढा फरक पडतो. मग तीन वर्षांच्या मुलाला ‘ते भूत खोटं आहे रे’ असं सांगून त्याची भीती का जात नाही, हे कळतं. त्या वयात उपाय समजावण्याचा नसतो. पडदा बंद करून जवळ घेण्याचा असतो.

पुढचा टप्पा जाहिरातींचा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये म्हटलं, की साधारण आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना जाहिरातीमागचा पटवण्याचा हेतू ओळखता येत नाही. ‘हे विकण्यासाठी सांगतायत’ हा विचार त्यांच्या मनात आपणहून येत नाही. जाहिरात म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक माहिती. सहा वर्षांच्या मुलाने दुकानात हट्ट धरला तर तो लाडावलेला असेलच असं नाही. टीव्हीने सांगितलं आणि त्याने ऐकलं, एवढंच. अकरा-बारा वर्षांचं मूल टीव्हीवरची जाहिरात पटकन ओळखतं, पण आवडता गेमर खेळता खेळता एखाद्या ॲपचं नाव घेतो तेव्हा तेही फसतं. इन्फ्लुएन्सर मंडळींनी पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहावं, असे नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे ॲस्कीने, २०२१ मध्ये केले. ते लेबल शोधायला शिकवणं हा सहावी-सातवीच्या तासिकेचा विषय होऊ शकतो. पहिलीत तो वाया जाईल.

‘दिवसाला किती वेळ?’ हा प्रश्न प्रत्येक सत्रात येणारच, तेव्हा त्याचं उत्तर नीट माहीत असावं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच म्हणते, नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलची तेवढी सवलत देते. दोन ते पाच वर्षांसाठी जास्तीत जास्त एक तास, आणि कमी तितकं चांगलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनाही जवळपास अशाच आहेत. पण आकडा सांगून थांबू नका. मूल काय पाहतं, कुणाबरोबर पाहतं, आणि त्या वेळात त्याचं काय राहून जातं, झोप, खेळ की गप्पा, हे तीन प्रश्न पालकांच्या हातात द्या. घरोघरची उत्तरं वेगळी येतील आणि ती यायलाच हवीत.

शिकायचं कुठे?

तुमचं आजचं शिक्षण आणि हाताशी असलेला वेळ पाहून तीन वाटा निघतात.

पहिली वाट लहान मुलांची. बारावी झालेल्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा, बालसंगोपन आणि पूर्वप्राथमिक शिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो दूरशिक्षणाने किमान एका वर्षात होतो, वयाची आडकाठी नाही. प्रवेशापूर्वी जवळचं अभ्यासकेंद्र कोणतं, प्रात्यक्षिकं कुठे करायची आणि अभ्याससाहित्य कोणत्या भाषेत मिळतं, हे विचारून घ्या. शहरात राहून पूर्णवेळ शिकणं शक्य असेल तर मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात आणि निर्मला निकेतनच्या गृहविज्ञान महाविद्यालयात मानवी विकास हा विषय वर्षानुवर्षं शिकवला जातो. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर धरला आणि २०२२ मध्ये त्याचा राष्ट्रीय आराखडा आला. बालवाडीच्या मुलाखतीला जाण्यापूर्वी तो आराखडा वाचलेला असावा.

दुसरी वाट मानसशास्त्राची. पदवी अर्धवट राहिली असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ती मराठीत पूर्ण करता येते. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला २०२५ पर्यंत इग्नूतून मानसशास्त्रात एमए करता येत होतं, आता दूरशिक्षणाने ते होत नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट हवी: एमए झालं म्हणजे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ झालो असं नाही. त्यासाठी आणि विशेष शिक्षक होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी लागते. शनिवार-रविवारचे ‘सर्टिफाइड चाइल्ड कौन्सेलर’ वर्ग भरपूर निघाले आहेत. पैसे भरण्याआधी प्रमाणपत्र कोण देतं, मुलांसोबत प्रत्यक्ष किती तास काम होतं आणि त्यावर देखरेख कुणाची, हे तीन प्रश्न विचारा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच समजा.

तिसरी वाट माध्यमांची. पत्रकारिता, जाहिरात, आयटी, ग्राफिक डिझाइन किंवा ग्रंथालयातून येणाऱ्यांनी तिथला अनुभव मोठा मानावा. जाहिरात संस्थेत काम केलेल्या बाबाला पॅकेटवरचा आंबा एवढा रसरशीत का दिसतो, हे कुणी शिकवायची गरज नाही. बाकीच्यांनी युनेस्कोचा शिक्षकांसाठीचा माध्यम आणि माहिती साक्षरतेचा अभ्यासक्रम वाचावा. तो २०११ मध्ये निघाला, २०२१ मध्ये सुधारून आला आणि मोफत मिळतो. चित्रभाषा समजून घ्यायची तर पुण्यात एफटीआयआय आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचे चित्रपट रसास्वादाचे वर्ग होत आले आहेत. फोटोवरून उलट शोध (रिव्हर्स इमेज सर्च) घेऊन त्याचा मूळ स्रोत काढणं, व्हिडिओतली पाटी, गाडीचा नंबर, ऊन-पाऊस पाहून ठिकाण ताडणं ही कौशल्यं घरबसल्या सरावाने येतात.

वाट कोणतीही धरा, पण तिसऱ्या वाटेने येणाऱ्यांनी पहिल्या वाटेवरचं थोडं शिकल्याशिवाय वर्गात जाऊ नये.

दोन तासिका, जवळून

तिसरी-चौथीच्या वर्गात फळांच्या पेयाची रिकामी पाकिटं घेऊन जा. चार मुलांत एक पाकीट. आधी फक्त पुढची बाजू पाहायची आणि काय दिसतं ते सांगायचं. फळ, थेंब, पानं, हिरवा रंग अशी यादी फळ्यावर येते. मग पाकीट फिरवायचं. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हा नियम मुलांना सांगा आणि पहिलं नाव वाचायला लावा. बहुतेक पाकिटांवर ते ‘पाणी’ निघतं, त्यानंतर बऱ्याचदा साखर. वर्गात हशा पिकतो. तिथे थांबायचं. ‘म्हणून हे पिऊ नका’ असा उपदेश जोडला, की मुलं शोध विसरतात आणि शिस्त ऐकू लागतात. शेवटचं काम असं: आता याच पेयाचं खरं पाकीट काढा. पाण्याचा मोठा ग्लास आणि कोपऱ्यात एवढासा आंबा काढणाऱ्या मुलाला पुढची जाहिरात कशी पाहायची, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आठवी-नववीसाठी विषय गंभीर घेता येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. ती भिक्षा मागत आली होती. त्या काळात देशभर एक क्लिप फिरत होती: मोटारसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून पळतात. ती क्लिप कराचीतल्या एका जनजागृतीपर फिल्मचा तुकडा होती. मूळ फिल्ममध्ये तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असं सांगणारा फलक दाखवतात. तो शेवटच कुणीतरी कापला होता.

वर्गात हिंसेची दृश्यं अजिबात दाखवू नका. गोष्ट सांगा आणि प्रश्न विचारा. हे कुणी चित्रित केलं असेल? पळवापळवीच्या वेळी कॅमेरा तिथे आधीच कसा होता? क्लिपच्या आधी आणि नंतर काय असू शकतं? ही पुढे पाठवणाऱ्याच्या मनात काय असेल? इथे एखादी मुलगी म्हणतेच, ‘काळजी असेल.’ हे उत्तर सोन्याचं आहे. अफवा दुष्ट माणसांपेक्षा काळजी करणारी माणसं जास्त पसरवतात, हे चौदाव्या वर्षी समजलं तर ते मूल घरातल्या ग्रुपवर आजोबांना न दुखावता थांबवू शकतं. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, हेही सांगा. फॉरवर्डचं बटण कसं चालावं हे कुणीतरी ठरवतं आणि ते बदलता येतं, हे मुलांना सहसा सुचलेलं नसतं.

पैसे आणि काम

कायम पगार हवा असेल तर बालवाडी, शाळेतलं समुपदेशन, ग्रंथालय किंवा बालविकासात काम करणारी स्वयंसेवी संस्था याच जागा आहेत. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशकाची तरतूद आहे, त्यामुळे दुसऱ्या वाटेने गेलेल्यांना तिथे संधी असते. बालवाडीतला पगार बऱ्याच ठिकाणी कमी असतो. घर त्यावरच चालणार असेल तर हिशेब आधी मांडा.

स्वतंत्र काम करणाऱ्यांनी एकेक व्याख्यान विकण्याऐवजी चार सत्रांचा संच मांडावा: एक शिक्षकांसाठी, दोन मुलांसाठी, शेवटचं पालकांसाठी. मुलांनी केलेलं काम पालकांच्या सत्रात भिंतीवर लावलं, की त्या सत्राला गर्दी होते. सुरुवातीची दोन-तीन सत्रं आपल्या ओळखीच्या शाळेत विनामूल्य करा, पण त्या बदल्यात मुख्याध्यापकांकडून लेखी अभिप्राय घ्या. त्यानंतर मानधन आधी आणि लेखी ठरवा. एका तासाच्या सत्रामागे तयारी, छपाई, प्रवास मिळून जाणारा वेळ हिशेबात धरा. ‘तुम्ही तर पालकच आहात, घरचंच काम’ हे वाक्य ऐकायला मिळेल. हसून दरपत्रक पुढे करा.

शिबिरं, वाचनालयातले शनिवार, महिला मंडळं, बचत गट, वसाहतीतली पालकांची चर्चा हीही कामाचीच ठिकाणं. लिहिता येत असेल तर लिहा. पुण्याचं ‘पालकनीती’ मासिक १९८७ पासून पालकत्वावर गंभीरपणे लिहीत आलं आहे. त्याचे जुने अंक वाचले तरी मराठीत या विषयावर उपदेश न करता कसं बोलायचं, ते कळतं.

जिथे थांबायचं

मुलांसोबत काम करताना एखादं मूल अनपेक्षितपणे काही सांगून जातं. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली, तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा. ‘शाळेचं नाव खराब होईल’ ही सबब चालत नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठीची १९३० हे क्रमांक आपल्या प्रत्येक पत्रकावर छापा.

दोन वर्षांचं मूल बोलत नाही, हाक मारल्यावर बघत नाही, असं पालक सांगू लागले तर ‘मोबाइल बंद करा, बोलेल’ असं म्हणून मोकळे होऊ नका. त्यात मोलाचे महिने जातात. जिल्हा स्तरावर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. आपण निदान करत नाही, रस्ता दाखवतो.

मुलांचे फोटो स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकून कामाची जाहिरात करण्याचा मोह टाळा. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, मुलांना खासगीपणा शिकवणाऱ्याने त्यांचेच चेहरे जाहिरातीला वापरावेत हे शोभत नाही. हाच नियम आपल्या घरातल्या मुलालाही लागू. त्याच्या फजितीच्या गोष्टी सत्रात सांगायच्या असतील तर आधी त्याला विचारा, आणि ‘नको’ म्हणालं तर नको.

पहिलं वर्ष

पहिले तीन महिने फक्त निरीक्षण आणि वाचन. एकच वयोगट निवडा. तीन ते सहा, सात ते दहा किंवा अकरा ते चौदा. ‘सर्व वयोगटांसाठी’ लिहिलेलं पत्रक पाहून जाणते मुख्याध्यापक सावध होतात. पुढच्या तीन महिन्यांत अभ्यासक्रमाला प्रवेश घ्या आणि एखाद्या बालवाडीत किंवा वाचनालयात आठवड्यातून एक दिवस मदतीला जा. सहाव्या महिन्यानंतर एक तासिका तयार करा आणि तीच तासिका तीन वेगवेगळ्या ठिकाणी घ्या: इंग्रजी माध्यमाची शाळा, महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा आणि वस्तीतला अभ्यासवर्ग. एकच फोन घरातल्या चौघांत वापरणाऱ्या मुलांचे प्रश्न वेगळे असतात. ते माहीत नसतील तर आपलं ज्ञान एका वर्गापुरतं राहतं. वर्षाच्या शेवटी २४ ते ३१ ऑक्टोबर हा युनेस्कोचा माध्यम साक्षरता सप्ताह शाळेला सुचवा. पंधरा दिवसांनी बालदिन येतो, त्यामुळे शाळाही कार्यक्रमाच्या शोधात असतेच.

काम जमतंय की नाही, हे टाळ्यांवरून ठरवू नका. महिन्याभराने त्याच वर्गात जाऊन विचारा, ‘मधल्या काळात कुठली गोष्ट पाहून शंका आली?’ हात वर आले आणि मुलं स्वतःची उदाहरणं सांगू लागली, तर पुढच्या वर्षीचं दरपत्रक छापायला हरकत नाही. हात वर आले नाहीत तर तासिका बदला. मुलांना दोष देऊ नका.